खेळण्यात थॅलेट आहे का ते घरी किती कळतं आणि लॅबला काय सांगायचं

कंपासमध्ये खोडरबर पट्टीला चिकटून बसतो आणि काढला की पट्टीवर खड्डा दिसतो, बघितलंय ना सगळ्यांनी? तो खोडरबरातला प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवायला घातलेलं रसायन, बाहेर येऊन पट्टी मऊ करतो. मऊ पीव्हीसीच्या (क्लोरीन असलेलं प्लास्टिक) खेळण्यातही तेच होतं, थॅलेट हे असंच प्लास्टिसायझर, त्यात नुसतं मिसळलेलं असतं, पक्कं जोडलेलं नसतं, म्हणून बाळ चघळायला लागलं की लाळेत उतरतं. डीईएचपी, डीबीपी, बीबीपी ही थॅलेटमधली बदनाम मंडळी, हार्मोन्समध्ये लुडबुड करतात म्हणून युरोप-अमेरिकेत खेळण्यांत यांना मर्यादा ०.१ टक्का.

आधी खेळणी निवडून घ्या. लाकडी, कडक ब्लॉक वगैरे बाजूला. दाबल्यावर चेपणारं, चिकट झालेलं, आणि मुख्य म्हणजे तोंडात जाणारं तेवढंच ठेवा. पिचकणारी बदकं, बाहुल्यांची मुंडकी, हवा भरायची खेळणी इ.

आता तारेची टेस्ट. तांब्याची तार पक्कडीत धरून गॅसच्या निळ्या ज्योतीत लाल करा, हिरवं दिसायचं पूर्ण थांबेपर्यंत (वायरचं कव्हर सोलून काढलेली असेल तर ते कव्हरही बहुतेक पीव्हीसीच असतं, त्याचा अंश राहतो आणि फुकट घाबरायला होतं). मग गरम तार खेळण्याच्या तळाला टेकवा, चिमूटभर वितळून लागलं की परत ज्योतीत. हिरवा जाळ आला म्हणजे क्लोरीन, म्हणजे बहुतेक पीव्हीसी. धूर वाईट असतो, खिडक्या उघडा, पोरं घराबाहेर.

पण यातून थॅलेट कळत नाही हां! आजकाल बऱ्याच पीव्हीसीत थॅलेटऐवजी दुसरे प्लास्टिसायझर घालतात, जाळ तरी हिरवाच. आणि पाकिटावर ‘बीपीए फ्री’ लिहिलंय म्हणून निवांत होऊ नका, बीपीए हे प्लास्टिकमधलं दुसरं रसायन, वेगळंच प्रकरण आहे, थॅलेटशी त्याचा संबंध नाही.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्कखालचा सीएम/एल नंबर (कंपनीचा लायसन्स नंबर) बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये (हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेचं अ‍ॅप) टाका, कंपनीचं नाव जुळतंय का बघा, नुसता छापलेला मार्क कोणीही छापतो.

तरी शंका असेल तर एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेली लॅब. फोनवर ‘प्लास्टिक टेस्टिंग’ म्हणू नका, आयएस ९८७३ भाग ९ (खेळण्यांतल्या थॅलेटचं भारतीय मानक) प्रमाणे थॅलेटची टेस्ट करता का असं विचारा, मशीन जीसी-एमएस (रसायनं वेगळी करून ओळखणारं) पाहिजे. खेळणं कापून द्रावकाने त्यातलं थॅलेट बाहेर काढतात, खेळणं परत मिळत नाही, त्यामुळे त्याच बॅचचं दुसरं द्या. डोकं आणि अंग वेगळ्या प्लास्टिकचं असेल तर वेगवेगळं टेस्ट करायला सांगा, नाहीतर एकत्र करून आकडा पातळ होतो. पैसे पण भागाप्रमाणे लागू शकतात, आधीच विचारून घ्या. रिपोर्टमध्ये प्रत्येक थॅलेटचा आकडा वेगळा हवा, १००० मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजेच ते ०.१ टक्का, आणि ‘नॉट डिटेक्टेड’ असेल तर शेजारी कमीत कमी किती एमजीपर्यंत मोजता येतं ते लिहिलंय का तेही बघा.