जन्मदाखल्यात चूक आहे? आधी नोंदवही पाहा

जन्मदाखला ही नोंदवहीतल्या एका नोंदीची नक्कल असते. वहीतच चूक असेल तर दाखला दहा वेळा काढला तरी तीच चूक उतरणार. उलट वहीत बरोबर असून दाखल्यावर टाइप करताना घोळ झाला असेल, तर फक्त नवीन प्रत मागायची. त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी मूळ नोंद डोळ्यांनी पाहा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार शुल्क भरून कोणालाही वहीतल्या नोंदीचा शोध मागता येतो.

नोंद जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणी अधिकाऱ्याकडे असते, आपण राहतो तिथल्या नव्हे. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं असतं आणि मुलाचे वडील स्वतःच्या गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालत राहतात! माहेरच्या तालुक्याच्या दवाखान्यात जन्म झाला असेल, तर नोंद तिथल्या नगरपालिकेत. डिसेंबरातला जन्म असेल तर पुढच्या वर्षाची वहीही पाहायला सांगा. माहिती जानेवारीत पोहोचलेली असू शकते. फार जुनी नोंद हवी असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी वही), मागा. त्यातली बरीच पानं मोडी लिपीत आहेत, तेव्हा वाचणारा जाणकार सोबत असू द्या.

दुरुस्ती याच कायद्याच्या कलम १५ खाली होते. ‘सुनील’चं ‘सुनिल’ झालं, तर ती लेखनिकाची चूक; निबंधकाची खात्री पटली की काम होतं. तारीख किंवा आईचं नाव चुकलं, तर ती आशयातली चूक. तिथं अर्जासोबत वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचं निवेदन लागतं. पुरावा जितका जन्माच्या जवळचा तितका वजनदार: दवाखान्याचं प्रसूती रजिस्टर, डिस्चार्ज कार्ड, आईवडिलांची त्याआधीची कागदपत्रं. मुलाचं आधार किंवा शाळेचा दाखला नंतर तयार होतो, आणि बऱ्याचदा तो त्याच चुकीच्या दाखल्यावरून. त्याने काय सिद्ध होणार?

दुरुस्ती म्हणजे खाडाखोड नव्हे. मूळ मजकूर तसाच राहतो. समासात शेरा लिहून निबंधक सही आणि तारीख टाकतो. नवा दाखला घेण्याआधी तो शेरा पडल्याची खात्री करा. गॅझेटमध्ये पुढे नाव बदललं, एवढ्यानं मात्र जन्माची नोंद चुकीची ठरत नाही. दुरुस्ती आणि बदल यांत फरक आहे आणि तो न ओळखणं हे अर्ज फेटाळले जाण्याचं एक कारण.

नोंद आहे पण बाळाचं नावच नाही, हे सोपं प्रकरण. नोंदणीपासून १२ महिन्यांत विनाशुल्क, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग घरी पक्कं करूनच जा.

नोंदच नसेल तर आधी अनुपलब्धता प्रमाणपत्र, म्हणजे नोंद सापडत नसल्याचा दाखला, घ्या. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागतं, वर्षाच्या आत जिल्हा निबंधक किंवा विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. हा अधिकार १ ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हा, उपविभागीय किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे, म्हणून कोर्टाचा जुना नमुना उतरवून अर्ज करू नका. त्याच तारखेपासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना अशा कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. त्यांच्या बाबतीत दिरंगाई महागात पडेल.

आदेश मिळाला की तो घरी फाइलला लावून ठेवू नका. आदेशानं नोंद आपोआप होत नाही. तो जन्मस्थळाच्या निबंधकाकडे न्यायचा, वहीत नोंद घालून घ्यायची, नोंदणी क्रमांक पडला की मग दाखला. आदेशातली तारीख आणि नावं अर्जाशी अक्षरशः जुळतात का, हे दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातच तपासा. तिथली चूक वहीत उतरली, तर पुन्हा कलम १५.