विश्व किती वेगाने प्रसरतंय, ते स्वतः मोजून बघा

हे गणित मी दर वर्षी विद्यार्थ्यांकडून करून घेते आणि दर वर्षी तेच बजावते: वेग दहा मिनिटांत निघतो, सगळा जीव अंतरात ओता.

म्हणून वेग आधी उरकू. स्लोन या आकाश-सर्वेक्षणातले दीर्घिकांचे वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार उलगडलेला त्यांचा प्रकाश, कुणालाही मोफत मिळतात. त्यातला एक उघडा आणि हायड्रोजनची लाल रेषा, एच-अल्फा, शोधा. तिची मूळ तरंगलांबी 656.5 नॅनोमीटर. (पुस्तकात 656.3 दिसेल, तो हवेतला आकडा. स्लोनचे आकडे निर्वातातले असतात.) समजा ती 676.2 वर सापडली. फरक 19.7, त्याला 656.5 ने भागलं की 0.030. ही ताम्रसृती, म्हणजे प्रकाश लाल बाजूला किती सरकला त्याचं माप. तिला प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला 3 लाख किलोमीटरने, गुणा. दीर्घिका सेकंदाला 9,000 किलोमीटरने दूर जातेय.

आता अंतर. त्यासाठी मूळ तेज ठाऊक असलेला दिवा लागतो. हेन्रिएटा लेविटने 1912 मध्ये दाखवून दिलं, की सेफीड तारा (ज्याचं तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होतं) जितका सावकाश लुकलुकतो तितका तो मुळात तेजस्वी असतो. पण सेफीड जवळच्याच दीर्घिकांत वेगळे दिसतात. आपल्याला लांब जायचंय, म्हणून 'वन-ए' प्रकारचा अतिनवतारा (स्फोट होऊन प्रचंड उजळलेला तारा) ज्यात दिसलाय अशी दीर्घिका निवडा. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकं तेज जास्त; निरपेक्ष प्रत म्हणजे 10 पार्सेकवरून दिसेल ती (1 पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं). त्याची कमाल निरपेक्ष प्रत साधारण उणे 19.3 असते, आणि हा आकडाही सेफीडांच्याच आधाराने ठरलाय.

तो अतिनवतारा ऐन भरात 16.2 प्रतीचा दिसला असं धरू. 16.2 मधून उणे 19.3 वजा केले की 35.5. त्यात 5 मिळवा, 5 ने भागा: 8.1. दहाचा 8.1 वा घात म्हणजे 12.6 कोटी पार्सेक, अर्थात 126 मेगापार्सेक (मेगा म्हणजे दहा लाख). 9,000 भागिले 126, उत्तर 71: दर मेगापार्सेक अंतरामागे वेग सेकंदाला 71 किलोमीटरने वाढतो. हाच प्रसरणाचा दर, हबल स्थिरांक.

इथे थांबून एक करून बघाच. 16.2 च्या जागी 16.3 घाला. उत्तर 68 वर येतं! वाटेतल्या थोड्या धुळीनेही अतिनवतारा एवढा मंद दिसू शकतो. आज प्लँक उपग्रहाने केलेल्या, विश्वाच्या आरंभकाळातल्या प्रकाशाच्या मोजणीतून 67.4 येतात आणि सेफीड-अतिनवताऱ्यांच्या शिडीवरून, म्हणजे आपण वापरली तशा पायरी-पायरीने मोजलेल्या अंतरांवरून, 73. हा वाद केवढ्याशा फरकावर उभा आहे ते तेव्हा कळतं. म्हणून धुळीची दुरुस्ती कधीही टाळू नका.

जवळच्या दीर्घिका घेऊ नका. माझ्या पहिल्या आलेखात मी कन्या समूह या जवळच्या दीर्घिका-समूहातल्या घेतल्या होत्या. तिथली एम 87 सेकंदाला सुमारे 1,280 किलोमीटरने दूर जाते, तर शेजारची एम 86 सुमारे 240 किलोमीटरने आपल्याकडे येते. समूहाच्या गुरुत्वाकर्षणातली ही धावपळ प्रसरणाला झाकून टाकते. ताम्रसृती 0.02 ते 0.08 मधल्या वीसेक दीर्घिका घ्या. त्यापलीकडे हे साधं सूत्र पुरत नाही.

आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर वेग, आणि शून्यातून जाणारी रेषा. तिचा चढ हाच हबल स्थिरांक.

मग 978 ला (हा फक्त एककं जुळवणारा आकडा) त्या आकड्याने भागा, विश्वाचं ढोबळ वय अब्ज वर्षांत मिळतं. 71 ला 13.8 येतं. ज्याच्या नावाने हा स्थिरांक ओळखला जातो त्या खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलला 1929 मध्ये सुमारे 500 मिळाले होते, म्हणजे वय जेमतेम 2 अब्ज, पृथ्वीपेक्षाही कमी. त्याचे वेग ठीक होते, चुकली होती ती अंतरं. सेफीडांचे दोन प्रकार असतात हे वॉल्टर बाडेने 1952 मध्ये दाखवलं, आणि अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली.