खिशातला भुसा

संध्याकाळी टेम्पो धायरीत घराशी थांबला की भाऊजी उतरतात, आणि चहाच्या आधी मी त्यांना सदऱ्याचा खिसा उलटा करायला लावते. दिवसभर उडालेला भुसा खिशात साठलेला असतो. तो जाडसर, कण न् कण सुटा निघाला तर चेन सॉची, म्हणजे झाडं कापायच्या मशीनची, चेन धारेत चालली. मैद्यासारखा निघून बोटाला चिकटला तर चेन बोथट झालेली होती आणि भाऊजी ती रेटत होते. जमिनीवर मशीन रेटणारा माणूस दमतो. पंचवीस फुटांवर, कमरेला दोर बांधून रेटणाऱ्याचा पाय सटकतो. म्हणून आमच्याकडे मशीन रोज संध्याकाळी धारेला लागतं, चेन चांगली वाटत असली तरी.

झाडं छाटायचं काम घरात सासऱ्यांपासून आहे. ते कोयता आणि करवत घेऊन चढायचे. आता भाऊजी चढतात, आमचे हे खालून दोर सांभाळतात आणि तिन्ही चेन सॉ माझ्या ताब्यात. माझे वडील पिंपरीला कारखान्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी वाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून मला कानस चालवायला बसवायचे. "कानस जाताना कापते, बाळा. येताना उचलायची." सासरी आल्यावर चेनीला पहिल्यांदा कानस लावली तेव्हा तेवढंच येत होतं आणि तेवढंच कामाला आलं. नवीन मशीन घेऊन जे दर आठवड्याला चेन दुकानात घासायला टाकतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पंधरा दिवस हात बसवा, दुकानाची गरज पडणार नाही.

आधी सफाई. मशीन थंड होऊ द्या, हातात जाड मोजे घाला, बारचं, म्हणजे चेन ज्या चपट्या पट्टीवरून फिरते तिचं, कव्हर काढा. स्प्रोकेटभोवती, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती, तेलात भिजलेल्या भुशाचा लगदा बसलेला असतो, तो जुन्या टूथब्रशने काढा. बारच्या खाचेतली घाण हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून काढा. बारला तेलाचं बारीक भोक असतं, ते तारेने मोकळं करा. बार परत बसवताना रोज उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. कडेला धारदार ओठ आला असेल तर चपट्या कानशीने उतरवा.

ज्येष्ठात वडाचं काम आलं की एक वेगळीच काळजी असते. वटपौर्णिमेचं सूत बुंध्याला गुंडाळलेलं असतं. ते बायकांनी श्रद्धेने बांधलेलं, म्हणून यांना मी आधी हाताने सोडवून बाजूला ठेवायला सांगते. शिवाय चेनीबरोबर सूत आत गेलं तर स्प्रोकेटमागे पिळा पडून क्लचपर्यंत पोचतं, मग सगळं खोलावं लागतं. वडाचा, उंबराचा चीक चेनीवर वाळू देऊ नका. त्याच दिवशी घासलेटच्या फडक्याने पुसा.

आता धार. कानशीचा व्यास चेनीवर ठरतो. आमच्या वर चढवायच्या छोट्या मशीनला तीन अष्टमांश इंच मापाची लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांची, चेन आहे, तिला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. पॉइंट तीन-दोन-पाच इंच मापाच्या चेनीला ४.८ मिलिमीटरची. चेनीच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, अंदाजाने घेऊ नका. मी रविवार पेठेत बोहरी आळीतून एकदम सहा-सहा कानशी आणते, कारण गुळगुळीत झालेली कानस दात घासत नाही, फक्त चमकवते.

बार वाइसमध्ये पकडा, चेन नेहमीपेक्षा जरा ताणा म्हणजे दात डुगडुगणार नाही. पहिल्या दातावर मार्करने खूण करा. बहुतेक चेनींना दाताच्या डोक्यावर तिरकी रेघ कोरलेली असते, कानस तिला समांतर धरायची. साधारण ३० अंशांचा कोन येतो. कानस आडवी सपाट राहिली पाहिजे आणि तिच्या जाडीचा पाचवा हिस्सा दाताच्या डोक्यावर दिसला पाहिजे. आतून बाहेर ढकला, उचला, परत आतून बाहेर. दाताला तीन घास, म्हणजे प्रत्येक दाताला तीनच. एक सोडून एक दात एका बाजूचा असतो. ती बाजू पुरी करा, मग वाइस फिरवून दुसरी.

झालं की नाही हे बोट लावून बघू नका. दात उजेडाकडे वळवा. धारेच्या कडेवर पांढरी बारीक रेघ चमकली तर धार नाही, कारण बोथट कडेवर उजेड थांबतो. धार लागलेल्या कडेवर काहीच दिसत नाही. मी खिडकीत बसते ती एवढ्यासाठीच.

घास मोजायचं मी ज्या दिवसापासून सोडलं नाही तो दिवस सांगते. दुसऱ्या वर्षी असेल, मे महिना, रात्री लाइट गेलेली, मेणबत्तीवर चेन घासली. उजव्या हाताच्या माणसाला एक बाजू सोपी जाते, तिकडे माझे पाच-सहा घास झाले, दुसरीकडे दोन-तीन. दुसऱ्या दिवशी भाऊजी कर्वेनगरला पर्जन्यवृक्षावर होते. काप सरळ जाईना, मशीन एका अंगाला वळत गेलं, फांदी बसली आणि बार आत अडकला. ते ओढायला भाऊजींनी दोन्ही हात लावले तेव्हा फांदी अर्धी फाटत खाली आली आणि त्यांच्या खांद्याला घासून गेली. हाड वाचलं. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "वहिनी, दात बघा एकदा." मी बघितले. डावे आणि उजवे वेगळ्या लांबीचे होते. आता मी तोंडाने मोजते, मध्ये कुणी हाक मारली तरी ओ देत नाही.

प्रत्येक दाताच्या पुढे छोटा उंचवटा असतो, त्याला रेकर म्हणतात. दात किती खोल चावायचा हे तो ठरवतो. दात घासून बुटका होत गेला की रेकरही उतरवावा लागतो, नाहीतर धार असून चेन लाकडावरून घसरते. चार-पाच वेळा धार लावून झाली की गेज, म्हणजे उंची मोजायची पट्टी, ठेवून चपट्या कानशीने घासा. दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली, बहुतेक चेनींना हाच हिशोब. काम लवकर व्हावं म्हणून त्याहून खाली नेऊ नका. मग चेन लाकडाला हिसके देते आणि मशीन उलटून तोंडावर यायचा धोका वाढतो. तो धोका बारच्या टोकाच्या वरच्या पावभागात असतो. तो भाग दुसऱ्या फांदीला टेकला की मशीन पापणी लवायच्या आत मागे येतं. त्यासाठीच पुढे चेन जागीच थांबवणारा चेनब्रेक असतो आणि त्यासाठीच डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून गेलेला हवा.

चेनीचा ताण थंड असताना बघा. खालच्या बाजूला लोंबू नये, हाताने ओढली तर सहज फिरावी. काम करताना गरम होऊन सैल पडली आणि तेव्हा ताणली, तर सुट्टी होताना परत सैल करा. थंड होताना ती आखडते आणि बारला, बेअरिंगला ताण बसतो.

तेलाच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून बरेचजण चेनीला तेच घालतात. त्यात धातूचा कीस असतो, तो पंप आणि बार दोन्ही खातो, आणि ते फवाऱ्यासारखं उडून भाऊजींच्या तोंडावर, झाडाच्या ताज्या कापावर बसतं. चेनऑइलच वापरा. तेल येतंय का बघायला बारचं टोक जुन्या पेपरवर वीतभर उंच धरून रेस द्या. पेपरवर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

पेट्रोलमध्ये टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं, ऑइल एक लिटरला २० मिली, हे चांगल्या प्रतीच्या तेलाचं प्रमाण. तरी मशीनचं पुस्तक म्हणेल ते खरं. मेडिकलमधून बिनसुईची २० मिलीची सिरिंज आणा, झाकणाने मापू नका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात मिश्रण दोन-तीन दिवसांपुरतंच करा. मशीन महिनाभर ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत चालवा. एअर फिल्टर झटका, फार मळला तर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. स्पार्क प्लगची फट ०.५ मिलिमीटर. रेस सोडल्यावर चेन फिरत राहिली तर स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन चालायचा वेग, कमी करा, आणि तशी फिरणारी चेन कधीही वर पाठवू नका.

पुण्याच्या झाडांत खिळे फार. पाट्यांचे, लायटिंगच्या तारांचे. एका सोसायटीत आंब्याच्या खोडाने झोपाळ्याची लोखंडी कडी गिळलेली होती, वरून नुसता फुगवटा दिसायचा. ठेकेदाराला कुणी सांगितलं नाही. चेनीचे नऊ दात गेले, आणि एक दात तुटला की बाकीचे सगळे त्याच्याएवढे घासून आणावे लागतात. तेव्हापासून हे आधी जुन्या वॉचमनला विचारतात. त्याला सगळं माहीत असतं.

कामाचं बाकी थोडक्यात. महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी हातात आल्याशिवाय फांदीला हात लावू नका. १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. परवानगीची झेरॉक्स टेम्पोत ठेवा, कुणीतरी विचारतंच, आणि विचारलं पाहिजेच. तारा जवळ असतील तर महावितरणकडून लाइन बंद झाल्याची खात्री करा. घरटं दिसलं तर पिल्लं उडेपर्यंत ती फांदी राहू द्या. वळवाच्या आधी गुलमोहर बघून घ्या, त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं वरवर. मोठी फांदी आधी खालून थोडी कापा, मग त्या कापाच्या जरा पुढे वरून, वजन उतरलं की उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगवट्यापाशी. फुगवटा शाबूत ठेवला तरच जखम भरते.

सकाळी मशीन जमिनीवर, ब्रेक लावून सुरू करा, ब्रेक चेन थांबवतो का बघा, बंद करा आणि मगच दोराला बांधा. टेम्पोत जादा प्लग, बॉक्स पाना, गोल कानस आणि धारेच्या चेनी डबीत हव्यात. उद्या एरंडवण्यात पर्जन्यवृक्षाची मोठी वाळकी फांदी उतरवायची आहे आणि वाळकं लाकूड धार लवकर खातं, म्हणून चार चेनी भरल्या. पाचवी वाइसमध्ये आहे. तिचे डावे दात झाले, उजवे राहिलेत.