केंब्रिजची एक दिवसाची सहल : विद्यार्थी गटासाठी नियोजन

लंडनमध्ये शिकायला आलेल्या मराठी विद्यार्थ्यांचा गट केंब्रिजला न्यायचे ठरले, की 'तिथे विद्यापीठ नेमके कुठे आहे?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. पुणे विद्यापीठासारखे एक मोठे प्रवेशद्वार आणि आत सगळे विभाग, असे चित्र मनात असते. केंब्रिजमध्ये तसे नाही. १२०९ पासून चालत आलेले हे विद्यापीठ ३१ कॉलेजांच्या आणि अनेक विभागांच्या रूपाने गावभर पसरलेले आहे, आणि प्रत्येक कॉलेजचे प्रवेशाचे नियम, वेळा आणि बंद राहण्याचे दिवस वेगळे असतात. म्हणून नियोजन करताना पाहण्याच्या ठिकाणांची यादी आधी करू नये. आधी तारीख ठरवावी.

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत तेथे अभ्यासाचा आणि परीक्षांचा काळ असतो आणि त्या आठवड्यांत अनेक कॉलेजे पाहुण्यांसाठी बंद असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पर्यटकांची एवढी गर्दी होते की वीस जणांना एकत्र ठेवणेही अवघड जाते. माझ्या मते विद्यार्थी गटासाठी ऑक्टोबरमधील शनिवार सर्वांत सोयीचा, कारण सत्र सुरू झालेले असते, दिवस अजून पुरेसा मोठा असतो, कोणाचे तास बुडत नाहीत आणि शनिवारी सकाळी लवकर निघूनही रेल्वेची कमी दराची तिकिटे मिळतात. सोमवार टाळावा, कारण फिट्झविल्यम संग्रहालय त्या दिवशी बंद असते. मात्र शनिवार-रविवारी रुळांच्या दुरुस्तीमुळे गाड्यांचे मार्ग बदलतात, त्यामुळे तारीख पक्की करण्यापूर्वी त्या दिवसाचे वेळापत्रक पाहून घ्यावे.

गट वीस ते चोवीस जणांचा असावा. गावाच्या मध्यातील किंग्ज परेड या रस्त्याच्या पदपथावर त्याहून मोठा जमाव अडकून पडतो आणि कॉलेजांचे पोर्टर, म्हणजे दारावरचे कर्मचारीही मोठ्या गटाला सहसा एकदम आत सोडत नाहीत. दहा किंवा त्याहून अधिक जण असतील तर निदान दोन आठवडे आधी कॉलेजला ईमेल करून गटाचे नियम विचारावेत, कारण काही ठिकाणी अधिकृत मार्गदर्शक बरोबर असणे आवश्यक असते. रेल्वेची ग्रुपसेव्ह सवलत तीन ते नऊ जणांना मिळते आणि गर्दीच्या वेळा सोडून तिकिटावर एक तृतीयांश सूट देते. पण ती विद्यार्थ्यांच्या रेलकार्डाबरोबर, म्हणजे रेल्वेच्या सवलत-कार्डाबरोबर, जोडता येत नाही. त्यामुळे कोणाकडे रेलकार्ड आहे हे आधी विचारून घ्यावे आणि उरलेल्यांच्या सहा-सात जणांच्या तुकड्या पाडून प्रत्येकीला एक प्रमुख नेमावा. वर्गणी तिकिटे काढण्यापूर्वीच गोळा करावी. आयत्या वेळी गळणाऱ्यांचे पैसे परत मिळणार नाहीत, हेही तेव्हाच स्पष्ट सांगावे.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाहून थेट जलद गाडी सुमारे पन्नास मिनिटांत पोचवते. उतरायचे स्थानक 'केंब्रिज' हे आहे, 'केंब्रिज नॉर्थ' नव्हे, ही सूचना सर्वांना लेखी द्यावी. स्थानकापासून गावाचा मध्य सुमारे दोन किलोमीटर असल्याने पाऊस नसेल तर चालतच जावे. सायकलींचे हे गाव आहे आणि त्या आवाज न करता मागून येतात, तेव्हा घोळक्याने रस्त्यावर उतरू नये. चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा म्हणून ग्रेट सेंट मेरीज चर्चचा दरवाजा ठरवावा. तो विद्यापीठाच्या समारंभांच्या इमारतीसमोर, म्हणजे सिनेट हाउससमोर आहे आणि कोणालाही सापडतो.

तिकिटावरचे पैसे नेमके कुठे खर्च करावेत, हा खरा निर्णय आहे. बहुतेक गट किंग्ज कॉलेजच्या चॅपेलचे तिकीट काढतात. सहाव्या हेन्रीच्या काळात १४४६ मध्ये सुरू झालेली ही वास्तू उभी राहायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली, आणि पंख्यासारख्या दगडी फासळ्यांचे तिचे छत प्रत्येकाने पाहावेच. परंतु सत्राच्या काळात तेथे संध्याकाळी गायनासह प्रार्थना होते, तिला ईव्हनसाँग म्हणतात, आणि तिला प्रवेश विनामूल्य असतो. ज्या छताखाली आवाज कसा फिरतो हे ऐकायचे, ते छत तेव्हाच पाहावे आणि वाचलेल्या पैशांतून सेंट जॉन्स कॉलेजचे तिकीट घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

त्या आग्रहाला कारण आहे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसन कॉलेजमधून याच सेंट जॉन्समध्ये आले आणि १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस, म्हणजे पदवीच्या परीक्षेत विभागून पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर ठरले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. एकामागून एक चौक ओलांडत नदीपर्यंत जाताना ही गोष्ट गटाला तेथेच उभे राहून सांगावी, आणि १८३१ चा ब्रिज ऑफ साइज हा छत असलेला पूल शेजारच्या जुन्या पुलावरून दाखवावा. हिरवळीवर कोणीही पाऊल ठेवू नये. तो अधिकार कॉलेजच्या फेलोंचा, म्हणजे तेथील अध्यापक-संशोधक सदस्यांचा असतो. सेंट जॉन्सला जाण्याआधी वाटेतच सिनेट हाउसपाशी थांबता येते, जेथे गणिताच्या ट्रायपॉसचे निकाल वाचून दाखवले जात. ट्रिनिटी कॉलेजचे दर्शनी द्वार रस्त्यावरूनच पाहावे: वर आठव्या हेन्रीचा पुतळा आहे आणि त्याच्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय आहे, तर द्वाराच्या उजव्या बाजूस न्यूटनच्या घरच्या सफरचंदाच्या झाडापासून वाढवलेले झाड आहे. रामानुजन १९१४ मध्ये आले ते याच ट्रिनिटीत.

जेवणासाठी उपाहारगृहात चोवीस जागा शोधण्यात तास घालवू नये. मार्केट स्क्वेअरमधील गाड्यांवर शाकाहारी पदार्थ सहज मिळतात आणि प्रत्येकाला आपापल्या खिशाप्रमाणे खाता येते. डबे आणले असतील तर पार्कर्स पीस हे मोकळे मैदान थोड्या अंतरावर आहे.

दुपारी दोनच्या सुमारास पंटिंग ठेवावे. ही सपाट तळाची होडी वल्ह्याने नव्हे, तर नदीच्या तळाला लांब काठी रेटून चालवतात. स्वतः चालवण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतोच, पण काठी चिखलात रुतली तर ती सोडून द्यायची, धरून ठेवायची नाही, एवढे कळेपर्यंत एखादा जण पाण्यात पडतो आणि पुढचा कार्यक्रम कोलमडतो. म्हणून नावाड्यासह बारा-बारा जणांच्या दोन होड्या आधीच आरक्षित कराव्यात. रस्त्यात अडवून तिकिटे विकणाऱ्यांशी घासाघीस करू नये. पाऊण तासाच्या या फेरीत कॉलेजांच्या मागच्या बाजू, ज्यांना बॅक्स म्हणतात, एकापाठोपाठ एक दिसतात. क्लेअर कॉलेजच्या १६४० च्या पुलावरील दगडी गोळ्यांपैकी एकाची फाक कापलेली आहे, ती शोधायला सांगावे. क्वीन्स कॉलेजचा लाकडी पूल न्यूटनने खिळे-बोल्टांशिवाय बांधला, असे कोणी सांगितले तर विद्यार्थ्यांनी ते खरे मानू नये, कारण न्यूटन १७२७ मध्ये वारला आणि पूल १७४९ चा आहे.

त्यानंतरचा तास विज्ञानाला द्यावा, आणि त्यासाठी तिकीट लागत नाही. बेनेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर कॉर्पस क्लॉक आहे. सोनेरी तबकडीवर बसलेला टोळासारखा प्राणी वेळ गिळत असल्याचा भास होतो. २००८ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी त्याचे अनावरण केले. तेथून काही पावलांवर फ्री स्कूल लेनमध्ये विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या जुन्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेची इमारत आहे. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लावला तो कॅव्हेंडिशमध्ये, आणि डीएनएच्या रचनेचा उलगडा १९५३ मध्ये झाला तोही तेथेच. पाऊस लागला तर हा तास फिट्झविल्यम संग्रहालयात घालवावा. प्रवेश विनामूल्य आहे, मात्र गट येणार असल्याचे आधी कळवावे.

ईव्हनसाँगची वेळ किंग्ज कॉलेजच्या संकेतस्थळावर त्या दिवसासाठी तपासावी आणि निदान अर्धा तास आधी रांगेत उभे राहावे. ती मैफल नव्हे, उपासना आहे: फोन बंद, छायाचित्रे नाहीत, टाळ्या नाहीत आणि मध्येच उठून जाणे नाही. ज्यांना बसायचे नसेल त्यांना तेवढा वेळ मोकळा द्यावा. रांगेत उभे असताना जयंत नारळीकर याच कॉलेजचे फेलो होते, हे सांगायला हरकत नाही.

परतीच्या गाडीसाठी प्रार्थना संपल्यापासून किमान एक तास हाताशी ठेवावा, कारण ग्रुपसेव्हच्या तिकिटावर संपूर्ण तुकडीने एकत्रच प्रवास करावा लागतो. हजेरी चॅपेलच्या बाहेर एकदा आणि स्थानकावरील तिकीट फाटकापाशी दुसऱ्यांदा घ्यावी, आणि तुकडीतला शेवटचा माणूस आल्याखेरीज तिच्या प्रमुखाने फलाटावर जाऊ नये.