पान लागलं, छातीत कळ आली, साखर उतरली: औषध देताना या चुका टाळा

बरीच वर्षं स्टाफ नर्स म्हणून काढली. आता मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, वाडीतल्या पोरांना आणि होडीवरच्या तांडेलांना तातडीच्या औषधांबद्दल शिकवते. औषधांची नावं सगळ्यांना पाठ असतात. चुकतं ते कुठल्या वाटेनं द्यायचं, किती द्यायचं आणि कुणाला अजिबात द्यायचं नाही, यात. सुई-सलाईनची कामं प्रशिक्षण असेल आणि 108 च्या किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच करायची, हे धरूनच पुढचं वाचा.

फुरशाच्या रुग्णाला दयेपोटी ठोकलेलं इंजेक्शन

आपल्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. ते फुरशाचं असेल तर विषानं रक्त गोठायचं थांबतं. पाय सुजतो, ठणकतो, माणूस कळवळतो आणि कुणीतरी कमरेत डायक्लोफेनॅक देऊन मोकळा होतो. ही एकात दोन चुका आहेत. असली वेदनाशामकं रक्तस्राव वाढवतात, आणि स्नायूत सुई टोचली त्या जागी आत रक्त साचत राहतं. धनुर्वाताचं इंजेक्शनसुद्धा रक्त गोठायला लागेपर्यंत थांबू शकतं. दुखण्यावर पॅरासिटामॉलची गोळी पुरे. अ‍ॅस्पिरिन नको, ब्रुफेन नको, करकचून बांधलेली दोरी तर नकोच.

एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं प्रतिविष, शिरेतूनच आणि दवाखान्यातच. पहिला डोस साधारण 10 व्हायलचा. तिथं मदतीला उभे असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पावडर विरघळवताना व्हायल जोरात हलवू नका, फेस येतो. हातात धरून अलगद फिरवा. आणि लहान मुलाला डोस कमी करायचा नसतो. सापानं विष सोडताना वय विचारलेलं नसतं. हे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं. आंबोलीकडच्या हिरव्या चापड्यावर नाही.

अ‍ॅड्रेनॅलिनला उशीर

एएसव्ही चालू असताना, किंवा गांधीलमाशी चावल्यावर, अंगावर गांधी उठतात, घसा घरघरतो, बीपी पडतं. अशा वेळी आधी एव्हिल (अ‍ॅलर्जीचं औषध), मग डेक्सा (स्टिरॉइड), मग बघू, असं चालतं. हे "मग बघू" जिवावर बेततं. या दुखण्यात पहिलं औषध अ‍ॅड्रेनॅलिनच. 1 मिलिलिटरच्या अँपूलमध्ये 1 मिलिग्रॅम असतं. मोठ्या माणसाला त्यातलं अर्धं, म्हणजे 0.5 मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत. दंडाच्या कातडीखाली दिलेलं हळू भिनतं, आणि अख्खं अँपूल घाईत शिरेत गेलं तर हृदयाचे ठोके बिथरतात. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढंच.

मग वर स्नायूत सुई नको म्हटलं त्याचं काय, असं प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतं. बरोबर विचारतं. श्वास अडकलेला असताना मांडीतल्या रक्ताच्या गाठीची काळजी करायची नसते.

मुलाला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. 15 किलोच्या पोराला 0.15 मिलिलिटर. "पाव अँपूल दे गो" ही भाषा बंद करा. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही मोठ्यानं म्हणा, आणि अँपूल मोडण्याआधी दुसऱ्याला नाव वाचायला लावा. ओल्या हातांनी लेबल पुसट झालं असेल तर ते अँपूल वापरायचंच नाही.

विंचू लागल्यावर मात्र अ‍ॅट्रोपिनच्या वाटेला जाऊ नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलेलं प्राझोसिन हे तिथलं औषध. घाम फुटला, हातपाय गार पडले तर ते लागतं, आणि ते दिल्यावर रुग्णाला उठून बसू द्यायचं नाही, बीपी कोसळतं.

सॉर्बिट्रेट गिळली

छातीत कळ आल्यावर द्यायची ही जिभेखालची गोळी पाण्याबरोबर घोटली की बरीचशी यकृतातच संपते. द्यायच्या आधी रुग्णाला बसवा, बीपी मोजा. वरचा आकडा 100 च्या खाली असेल तर देऊ नका. गेल्या एक-दोन दिवसांत व्हायग्रासारखी गोळी घेतली का, हे विचाराच. पण बायको-सुनांच्या देखत विचारलंत तर खरं उत्तर मिळणार नाही. त्यांना पाणी आणायला पाठवा. अ‍ॅस्पिरिन 300 मिलिग्रॅम चावून खायला लावायची. तोंड वाकडं झालेल्या, हात लुळा पडलेल्या माणसाला मात्र सीटी स्कॅनआधी अ‍ॅस्पिरिन नाही.

बेशुद्धाच्या तोंडात साखर

साखर उतरून बेशुद्ध पडलेल्याच्या तोंडात घातलेलं साखरपाणी श्वासनळीत जातं. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. त्याला शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, लागतं. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी पुन्हा साखर तपासा, मग वाटीभर पेज. मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी घेणाऱ्याची साखर वर येऊन तासाभरात पुन्हा घसरू शकते, म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी घरी सोडू नका. हरतालिकेच्या उपासाला गोळी घेऊन काहीच न खाल्लेल्या बायका मी दर वर्षी पाहिल्या.

आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नका. आपल्या दमट हवेत त्या खराब होतात आणि आकडा भलताच दाखवतात. गाडीच्या डॅशबोर्डवर तापून तांबूस झालेलं अ‍ॅड्रेनॅलिन फेकून द्या.

वेळ लिहिली नाही

ही चूक माझी स्वतःची. गांधीलमाश्यांनी फोडलेल्या एका माणसाला अ‍ॅड्रेनॅलिन दिलं आणि गाडीत घातला. पुढच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधी दिलंत? मी म्हटलं, आत्ताच. चार मिनिटं झाली होती की बारा, मला खरंच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून पेटीत मार्कर आणि चिकटपट्टी असते. पावसात भिजलेल्या कातडीवर बॉलपेन उठत नाही. पट्टीवर औषध, मिलिग्रॅम आणि वेळ लिहायची आणि ती छातीवर चिकटवायची. हातावर नको; सलाईन लावणारा ती पहिली उपटून टाकतो.