ट्रंकेत काय आहे? न दाखवलेली वस्तू पात्राच्या प्रतिक्रियेतून कशी उभी करावी

जी वस्तू काढायचीच नाही तिचा विचार कशाला करायचा, असे अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या अनेकांना वाटते, आणि प्रतिक्रिया खोट्या वाटण्याचे मूळ बहुधा तिथेच असते. समजा, आजी माळ्यावरची जुनी ट्रंक उघडते आणि आत काय आहे ते प्रेक्षकाला शेवटपर्यंत दाखवायचे नाही. तरीही ती वस्तू कोणती, केवढी आणि ट्रंकेच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हे स्टोरीबोर्डवर, म्हणजे प्रसंगांच्या क्रमवार कच्च्या चित्रांवर, लिहून ठेवावे, कच्च्या रेखाटनात तिच्या जागी खूण करावी आणि दोन्ही बुबुळे त्या खुणेवरच रोखावीत. ती जराशी जरी ढळली, तरी आजी शून्यात पाहते आहे असे वाटू लागते.

त्यानंतर क्रम सांभाळावा. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या, तर आधी डोळे वळतात, दोन-चार फ्रेमनंतर मान आणि मग खांदे. मान वळताना पापणी एकदा मिटली की वळणे जिवंत वाटते. दचकणे दाखवायचे असेल, तर शरीर आधी आक्रसते आणि मग ताठ होते. ओळख पटणे मात्र याच्या उलट असते. झाकणावरचा हात तिथेच थबकतो, श्वास अडकतो आणि वीसेक फ्रेम जवळजवळ काहीच घडत नाही, फक्त खालची पापणी किंचित वर येते. या थांब्यात चित्र पूर्ण गोठवू नये, पदराची किंवा बोटांची बारीक हालचाल चालू ठेवावी.

डोळे विस्फारणे आणि तोंड उघडणे यांपलीकडे काही सुचत नसेल, तर नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातली भावना शरीरावर उमटल्याच्या खुणा, जरूर आठवावेत: स्तंभ म्हणजे जागीच खिळणे, स्वेद म्हणजे घाम, रोमांच, स्वरभंग, वेपथू म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उडणे, अश्रू आणि प्रलय म्हणजे भान हरपणे. साध्या रेखांकनात रोमांच पकडणे अवघड जाते, पण स्तंभ आणि कंप यांना तोड नाही, आणि वैवर्ण्य रंगातून साधते.

शेजारी नात उभी असेल, तर तिला आजीसारखीच प्रतिक्रिया देऊ नये. नात ट्रंकेत डोकावते, तिला काही उमगत नाही आणि मग ती आजीच्या चेहऱ्याकडे पाहते. एवढ्यावरून ती वस्तू नातीच्या जन्माआधीची असावी, हे प्रेक्षक आपणहून ताडतो. 1942 च्या ‘बँबी’ या अ‍ॅनिमेशनपटात बँबी या हरणाच्या पाडसाच्या आईचा मृत्यू पडद्यावर दिसत नाही. गोळीचा आवाज येतो, पाडस सुखरूप पोचल्याच्या आनंदात मागे वळते आणि मग बर्फात आईला हाका मारत फिरते. त्याला कळण्याआधी आपल्याला कळलेले असते, आणि तो प्रसंग मला आजही पाहवत नाही.

अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रे वेळेनुसार जोडून केलेला कच्चा व्हिडिओ, तयार झाले की आवाज बंद करून ते कथा ठाऊक नसलेल्या माणसाला दाखवावे आणि ट्रंकेत काय असेल ते विचारावे. ‘कुणाची तरी जुनी आठवण’ असे उत्तर आले, तर पुढचे काम सुरू करावे. ‘काहीतरी भयंकर’ एवढेच आले, तर आजीच्या की पोझ, म्हणजे हालचालीतल्या मुख्य मुद्रा, पुन्हा काढाव्यात.