ललितासहस्रनामाने कुंकुमार्चन: नाव न तोडता

चतुःशृंगीचे, तांबड्या जोगेश्वरीचे दर्शन झाले की नवरात्रात पुण्यातल्या घरोघरी आणि सोसायट्यांच्या हॉलमध्ये कुंकुमार्चन मांडले जाते, म्हणजे देवीचे एकेक नाव घेत चिमूटभर कुंकू वाहिले जाते. मांडणी देखणी होते, आरासही होते. गडबड होते ती म्हणण्यात.

ललितासहस्रनाम ब्रह्मांडपुराणातले, हयग्रीवांनी अगस्त्यांना सांगितलेले. ‘श्रीमाता’ हे पहिले नाव, ‘ललिताम्बिका’ हे शेवटचे. हजार नावांत एकही पुन्हा येत नाही, आणि च, तु, हि, वै असे भरतीचे शब्दही नाहीत, असे परंपरा मानते. म्हणजे प्रत्येक अक्षर कुठल्या ना कुठल्या नावाचे आहे. चुकीच्या जागी तोडले की नाव मोडलेच.

म्हणून अर्चनाला स्तोत्राची पोथी न घेता नामावलीची घ्या. तिच्यात प्रत्येक नाव सुटे आणि चतुर्थी विभक्तीत असते. स्तोत्र बघून ऐनवेळी चतुर्थी करायला गेले की पहिल्याच नावाला ‘श्रीमातायै नमः’ निघते. शब्द ऋकारान्त (मूळ ‘मातृ’) आहे, तेव्हा ‘श्रीमात्रे नमः’. संधीचा घोटाळा त्याहून वाईट. स्तोत्रात ‘अव्याजकरुणामूर्तिरज्ञानध्वान्तदीपिका’ असे सलग येते. ‘मूर्तिर’पाशी थांबलात तर उरते ‘ज्ञानध्वान्तदीपिका’, म्हणजे ज्ञानालाच अंधार म्हटल्यासारखे. नावे दोन आहेत: अव्याजकरुणामूर्तिः आणि अज्ञानध्वान्तदीपिका.

मराठी जिभेच्या खोडीही ठरलेल्या आहेत. ‘ब्रह्माण्ड’चे ‘ब्रम्हांड’ होते, ‘आह्लाद’चे ‘आल्हाद’. दोन्हींत ह आधी. ‘चम्पक’मधला च ‘चाफा’सारखा नको, ‘चित्र’सारखा हवा. आणि मधला अ गिळू नका. ‘महाकामेशनयनकुमुदाह्लादकौमुदी’ हे सोळा अक्षरांचे एकच नाव आहे. घाईत म्हटले की ‘नयन’चा शेवटचा न पुढच्या क ला अर्धा होऊन चिकटतो. अशी लांब नावे आधी पेन्सिलीने खूण करून ठेवा, आठवडाभर तेवढीच मोठ्याने म्हणा आणि त्यांच्या आधी श्वास घ्या, मध्ये नको. ज्ञ मात्र पुण्यात ‘द्न्य’ असाच म्हणतात. त्यावर वाद न घालता सगळ्यांनी एकसारखा म्हणावा.

कुंकू पाव किलो आणा. नेमकी चिमूट घेतली तर दीड-दोनशे ग्रॅम पुरते, पण सुरुवातीला हात सैल असतो. तुळशीबागेत घेताना हळदीचे कुंकू मागा. रासायनिक कुंकू बोटांना रंग सोडते आणि चांदीच्या टाकाच्या (देवीची उठावाची प्रतिमा असलेल्या पत्र्याच्या) कोरीव खाचांत बसते. ताम्हन खोल आणि रुंद असावे, कारण शेवटच्या दोनशे नावांत ढीग कडेपर्यंत येतो. समई पंख्याखाली ठेवू नका. खरे तर पंखा बंदच करा, नाहीतर कुंकू पोथीवर उडते.

आचमन, प्राणायाम, मग संकल्प. पुणे गोदावरीच्या दक्षिणेला, म्हणून ‘गोदावर्याः दक्षिणतीरे’ म्हणावे. गणपतिपूजन, देवीची पंचोपचार पूजा, मग ‘सिन्दूरारुणविग्रहां’ हा ध्यानश्लोक. न्यास (मंत्र म्हणत अंगांना स्पर्श करणे) गुरूंकडून शिकलेला असेल तरच करावा. नसेल तर ध्यानानंतर सरळ नावे सुरू करा.

चिमूट अंगठा, मधले बोट आणि अनामिका यांची. तर्जनी लावत नाहीत. कुंकू सुटायला हवे ते ‘नमः’वर, नाव चालू असताना नाही. चरणांपासून मुकुटापर्यंत वाहत जावे, किंवा फक्त चरणांवर. दोन्ही रीती चालतात, पण मध्येच बदलू नये.

समूहात एकीने नाव सांगावे, बाकीच्यांनी फक्त ‘नमः’ म्हणावे. सांगणारीने सगळ्यांचे ‘नमः’ पूर्ण ऐकूनच पुढचे नाव घ्यावे. नुसता स्तोत्रपाठ अर्ध्या तासात होतो, पण नामावलीला नावामागे चार सेकंद धरले तरी तासाहून जास्त लागतो. दीड तास मोकळा ठेवा. पाऊण तासात उरकले असेल तर नावे नक्की गिळली गेली आहेत. दर शंभर नावांना तांदळाचा एक दाणा बाजूला ठेवला की पान उलटताना जोडपान उलटले तर लगेच कळते.

आरतीनंतर टाक आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडा, मगच पाण्याने धुवा. साडीवर कुंकू सांडले तर ओले न करता झटका. साबण लावलात तर हळद क्षारामुळे आणखी लाल होते; अशा डागावर आधी लिंबू लावून बघा. उरलेले कुंकू चाळून कोरड्या करंड्यात भरा, आलेल्या सवाष्णींना पुडीत द्या. ओलसर राहिले तर आठवड्यात गुठळ्या होतात, म्हणून अर्चनाआधी टाक नीट कोरडा पुसून घ्या.